गावाचं पिण्याचं पाणी: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

काटोलच्या बाजूचं, दोनेकशे उंबऱ्यांचं आमचं गाव. संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर, गावाला एक विहीर, एक टाकी आणि तीन हँडपंप. गावच्या पाणी समितीवर मी बरीच वर्षं काढली. चक्कीवर, पानठेल्यावर, अगदी मयतीतसुद्धा लोक पाण्याचंच विचारतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. बोलणं आमच्या गावाचं आहे, पण नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही लहान गावाला बहुतेक सगळं लागू पडेल.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग तपासायचं कशाला?

पाण्याला दोन वेगळे दोष असतात, जंतूंचा आणि क्षारांचा. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. जंतू आज पोटात गेले तर दोन-चार दिवसांत जुलाब, काविळीला काही आठवडे. क्षारांचं दुखणं वर्षानुवर्षं साचतं, तान्ह्या बाळाचा अपवाद सोडला तर. मुख्य म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीनं जंतू मरतात, पण नायट्रेट जागचं हलत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. खाली जे काही लिहिलं आहे ते वाचताना ही दोन खाती वेगळी ठेवा. आमच्या गावात लोकांचे पैसे जिथे जिथे वाया गेले, तिथे या दोन खात्यांची सरमिसळ झाली होती.

एका वाक्यात सांगा ना, आमचं पाणी पिण्यालायक आहे की नाही?

एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ग्रामपंचायतीत जाऊन दोन गोष्टी मागा. पहिली म्हणजे गावाला मिळालेलं कार्ड. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या ठिकाणांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीभोवती नाली आहे का, व्हॉल्व्ह गळतो का, टीसीएल साठ्यात आहे का, हे बघतात आणि धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं कार्ड देतात. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि पाण्यातून साथ आली नाही, तर चंदेरी. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल. कार्ड सांगतं की पाणी बिघडण्याची वाट किती मोकळी आहे. नमुना घेतला त्या दिवशी पाणी कसं होतं, ते अहवालात असतं. हिरवं कार्ड भिंतीवर आणि जंतूंचा अहवाल खराब, असंही होतं. आमच्याकडे झालं आहे.

अहवालात इतके आकडे असतात. त्यातले कोणते बघायचे?

भारतीय मानक 10500 हे पिण्याच्या पाण्याचं माप. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत: एक असावी अशी आणि एक दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्यावी अशी. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅम असावेत, इलाज नसेल तर 2000 पर्यंत. एकूण कठीणपणा 200, फार तर 600. फ्लोराइड 1, फार तर 1.5. गढूळपणा 1, फार तर 5. पीएच 6.5 ते 8.5 च्या दरम्यान.

नायट्रेटला मात्र 45 ही एकच मर्यादा आहे, सवलत नाही. ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, 100 मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. घाईत असाल तर नायट्रेट, फ्लोराइड आणि ई-कोलाय एवढ्या तीन ओळी आधी वाचा. टीडीएस 700 आला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. आमच्या भागातल्या बोअरला तो सहज येतो.

नमुना कुठे आणि कसा न्यायचा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा नागपुरात आहे, शिवाय उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीमार्फत पाठवलं तर सोपं जातं. जलजीवन मिशनच्या नियमानं रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, व्हायला हवी.

क्षारांसाठी एक-दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची कॅन चालते. ती त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या. तेलाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची आणि ती विसळायची नाही. आत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, विसळलं की ते गेलं. नळ पुसून दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका, थोडी हवा राहील एवढी भरा, बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत पोचवा. मे महिन्यात डिक्कीत टाकून दुपारभर तालुक्याला हिंडलेल्या बाटलीचा अहवाल काहीही येऊ शकतो. त्यावर ग्रामसभेत भांडण करू नये.

तपासणीची पेटी गावातच असते म्हणे?

असते. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना त्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा, क्लोरीन यांचा रंगावरून अंदाज येतो. जंतूंसाठी एक छोटी कुपी असते, तिच्यात पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर पाण्यात मैल्याचा अंश आहे असं समजायचं. पेटीतल्या रसायनांना मुदत असते, ती बघा. आमच्या पेटीला दोन उन्हाळे कोणी हात लावला नव्हता. उघडली तेव्हा औषधं बाद झालेली आणि वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.

टाकीत टीसीएल किती टाकायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर ‘एक वाटी’ असं मिळतं. कोणाची वाटी?

आधी पाणी मोजा. गोल विहिरीसाठी आतल्या व्यासाला व्यासानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं, मग 3.14 नं गुणा, आणि चारनं भागा. सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजारनं गुणलं की लिटर. समजा व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर, तर 37,680 लिटर झाले. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, तेव्हा हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पावडर जुनी असेल किंवा पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर पाच ग्रॅमपर्यंत लागते. म्हणजे या विहिरीला 95 ते 190 ग्रॅम. 20 टक्क्यांहून कमी क्लोरीनची पावडर वापरूच नये.

पावडर कोरडी फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, पाच-दहा मिनिटं थांबा. खाली चुना बसतो. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा आणि तेच विहिरीत सोडा. बादली पाण्याखाली नेऊन दोरानं वरखाली हलवली तर ते सगळीकडे पसरतं. चुना खड्ड्यात पुरा. तो विहिरीत गेला तर पाणी उगाच अधिक कठीण होतं. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. त्यानंतर निदान एक तास पाणी सोडायचं नाही. जंतू मरायला वेळ लागतो, आणि इथेच घाई होते, कारण वीज जायच्या आत पाणी सोडून मोकळं व्हायचं असतं.

आता साठवण. टीसीएलला ऊन, ओल आणि उघडं तोंड सोसत नाही. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या खोलीत तोंड उघडं ठेवलेलं पोतं जूनपर्यंत नुसत्या चुन्याचं होऊन बसतं. झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, सावलीत ठेवा, आणि वर्षभराची एकदम घेऊ नका.

किती टाकली याहून शेवटच्या नळाला किती उरलं, हे महत्त्वाचं. ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन औषधाचे थेंब पाण्यात टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. सोबतच्या रंगपट्टीशी लगेच जुळवून बघा. शेवटच्या घरी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. साथीच्या दिवसांत आम्ही 0.5 धरतो. ओटी टाकलेलं पाणी नालीत ओतून द्या, ते पिण्याचं नाही.

पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. नुकसान नाही का?

शेवटच्या नळाला हलका वास येत असेल तर मला बरं वाटतं. माठात भरून झाकून ठेवलं तर काही तासांत तो उडतो. डोळे चुरचुरले, तोंड कडू झालं, तर पावडर जास्त झाली. तसं सांगा, ती कमी करता येते.

टाकीत रोज टीसीएल टाकतात, तरी जुलाब लागतात. का?

एका श्रावणात आमच्या खालच्या मोहल्ल्यात आठवडाभरात घरोघरी जुलाब सुरू झाले. वरच्या मोहल्ल्यात एकालाही काही नाही. पाणी एकाच टाकीचं. लोकांनी विहिरीला दोष दिला, मग पंप चालवणाऱ्या पोराला दिला. त्या पोराला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो, ते लपवत नाही.

टाकीवर ओटी घेतली तर झकास पिवळी. मोहल्ल्यातल्या शेवटच्या नळाला घेतली तर पाण्यासारखं पाणी. मग आम्ही टाकीपासून एकेक नळ घेत खाली आलो. पिवळा रंग व्हॉल्व्हपर्यंत टिकत होता, त्यानंतर फिका होत होता आणि मारुतीच्या पाराजवळ गायबच झाला. व्हॉल्व्हचा खड्डा पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला, वर झाकण नाही. आणि पाराजवळ एका घरचं कनेक्शन नालीतून गेलेलं. जोड सायकलच्या ट्यूबनं बांधलेला.

पाणी चालू असतं तेव्हा तो जोड बाहेर गळतो. आपल्याला वाटतं, गेलं थोडं पाणी वाया. पण पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, वरचं पाणी उतारानं खाली ओढलं जातं, आणि तोच जोड नालीतलं पाणी आत खेचतो. दिवसातून एक तास पाणी येत असेल तर उरलेले 23 तास हेच चालतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ती घाण कोणाच्या तरी गुंडात पडते. टाकीतल्या क्लोरीननं टाकीतले जंतू मारले होते, पण नालीतून वाटेत आत शिरणाऱ्या घाणीला ते पुरलं नाही.

आम्ही नालीतले सगळे पाइप वर घेतले, व्हॉल्व्हचा खड्डा उंच बांधून झाकण बसवलं, लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन काढली. विहिरीला काहीही झालेलं नव्हतं. तुमच्या गावात जुलाब एकाच गल्लीत असतील तर विहिरीकडे जायच्या आधी नाली बघा.

नळाला टिल्लू पंप लावला तर काय बिघडतं?

वरचं उत्तर पुन्हा वाचा. टिल्लू पंप पाइप शोषतो, आणि शेजाऱ्याच्या फुटक्या जोडातून नालीही शोषतो. त्यातून शेवटच्या घरांना पाणी पोचत नाही, ते वेगळंच.

बोअरचं पाणी विहिरीपेक्षा शुद्ध असतं ना?

जंतूंच्या खात्यात बहुतेक वेळा हो, वरची केसिंग (बोअरमधला बाहेरचा पाइप) आणि ओटा धड असेल तर. क्षारांच्या खात्यात बरेचदा उलट. पाणी जितकं खोल आणि जितकं जास्त काळ खडकात मुरलेलं, तितके त्यात क्षार जास्त. आमच्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगण्याच्या बाजूला दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळतं, म्हणून पाणी कठीण. पूर्वेकडे रामटेकपासून भिवापूरपर्यंत बऱ्याच भागात फार जुना नाइस-ग्रॅनाइट जातीचा खडक आहे, तिथे फ्लोराइडकडे जास्त लक्ष द्यायचं. उमरेडकडे कोळशाचे थर. एका जिल्ह्यात इतके खडक, म्हणून पाहुण्याच्या गावचा अहवाल आपल्या गावाला लावू नका.

हँडपंपातून सकाळी लाल पाणी येतं.

काही मिनिटं हापसून बघा. लाल जाऊन स्वच्छ आलं तर तो आतल्या पाइपांचा गंज आहे, पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाला कळवा. पाणी आधी स्वच्छ येतं आणि भांड्यात ठेवल्यावर पिवळं-तांबूस होतं, तर लोह जमिनीतलं आहे. असं पाणी रात्रभर उघड्या तोंडाच्या भांड्यात ठेवून वरचं नितळ गाळून घेतलं तर बरंच लोह खाली बसतं. ओट्याला भेग असेल तर ती मात्र आजच बुजवा, कारण सांडलेलं पाणी तिथूनच परत बोअरमध्ये उतरतं.

डाळ शिजत नाही. आणि मुतखडा याच पाण्यानं होतो ना?

डाळ न शिजणं खरं आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम तुरीच्या दाण्याला घट्ट करतं. डाळीपुरतं पाणी आधी उकळून, गार करून, खाली बसलेली पांढरी साय सोडून वापरा, बराच फरक पडतो. मुतखड्याचं मात्र तितकं सरळ नाही. कठीण पाण्यानं खडा होतोच, असं सिद्ध झालेलं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वावरात दिवसभर राबून दोन तांबे पाणी पिणाऱ्या माणसाला खडा होण्याची भीती जास्त. पाणी कठीण आहे म्हणून कमी पिणं हा उफराटा उपाय झाला.

नायट्रेटचा एवढा बाऊ का करता?

कारण आमच्या पट्ट्यात भूजलाचा हा नेहमीचा दोष आहे आणि तो आपणच केलेला आहे. नायट्रेट खडकातून क्वचितच येतं. येतं ते विहिरीशेजारच्या कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) मुताशेणातून, खताच्या खड्ड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून आणि बगीच्यात, गव्हात टाकलेल्या युरियातून. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही.

मोठ्या माणसाला ते लगेच काही करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला मात्र करतं. असं पाणी घालून केलेलं दूध पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात, बाळ सुस्त होतं. अशा बाळाला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायचं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्यावं, पाणीसुद्धा नको, नागपूरच्या मे महिन्यातही नको. आजी ऐकत नाही, ठाऊक आहे. आशाताईंना घरी बोलवा, त्यांचं ऐकते.

उपाय घरातल्या चुलीवर नाही. उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर हवा, आणि भेगाळ पाषाणात तेवढंही कमी पडू शकतं. कोठा आणि खताचा खड्डा विहिरीच्या खाली, उताराकडे न्यावा. पिण्यापुरतं कमी नायट्रेटचं दुसरं ठिकाण शोधावं. पुनर्भरणानं, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवून, आकडा खाली येऊ शकतो, पण त्याला काही पावसाळे जाऊ द्यावे लागतात.

म्हणजे उकळलेल्या पाण्याचा उपयोग नाही?

जंतूंसाठी त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं. काविळीच्या साथीत तर उकळाच. काविळीचा एक प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो. पण माठ धुतलेला नसेल आणि पेला बुडवून पाणी घेत असाल तर उकळण्याचा गॅस फुकट गेला. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ घ्या.

आरओ घ्यावा का? विकणाऱ्यानं घरी येऊन पाण्यातली घाण दाखवली.

तो दोन ग्लास ठेवतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबतो. तुमचं पाणी तांबडं-काळं होतं, गाळ तरंगतो, घरातल्या बाया हबकतात. तो गाळ बहुतेक त्या लोखंडी कांडीचा असतो. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि कांडी झिजते. मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत म्हणून तिथे काही होत नाही. मशीनच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका म्हणावं आणि पुन्हा बटण दाबायला लावा. आमच्याकडे एकानं हे केलं, विकणारा चहा अर्धा टाकून निघाला.

नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल आणि दुसरं पाणी नसेल, तर आरओ घेण्यात अर्थ आहे. टीडीएस 500 च्या आत असेल तर गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते, कारण मशीन जितकं पाणी देतं त्याहून जास्त फेकतं. फेकलेलं पाणी भांडी आणि फरशीला वापरा. पडदा आणि फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर आरओच जंतूंचं घर होतं.

पाच रुपयांचं एटीएमचं पाणी, लग्नातले थंड जार?

एटीएम ग्रामपंचायतीचं असेल तर फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. तारीख सांगता आली नाही तर समजून घ्या. लग्नातल्या जारचं पाणी थंड असतं, एवढंच खात्रीनं सांगता येईल. सीलबंद बाटलीवर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असतो, सुट्या जारवर बहुधा काहीच नसतं.

तुरटी, मुनग्याच्या (शेवग्याच्या) बिया, तांब्याचा गुंड, चौपदरी फडकं: आजीचे उपाय चालतात का?

तुरटी आणि मुनग्याच्या बिया गाळ खाली बसवतात आणि गाळाबरोबर काही जंतूही नेतात. पावसाळ्यात टीसीएलच्या आधी हे करणं शहाणपणाचं, कारण गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. फडक्यानं गाळलं की कचरा, नारू (कातडीतून निघणाऱ्या लांब जंताचा रोग) पसरवणारे बारीक जीव जातात. नारू भारतातून संपला त्यात या फडक्याचा मोठा वाटा आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवल्यानं जंतू कमी होतात, पण साथीत त्यावर विसंबू नका.

घरी सोपं म्हणजे क्लोरीनची गोळी किंवा थेंब. आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळतात. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं, जी 1958 मध्ये सुरू झाली, अर्ध्या ग्रॅमची एक गोळी 20 लिटरला पुरेल अशी बनवली होती. तुमच्या हातातल्या पाकिटावर जे प्रमाण आहे तेच पाळा, आणि अर्धा तास थांबा.

फ्लोराइड जास्त निघालं तर?

पोरांच्या दातांवर खडूसारखे, मग तपकिरी पट्टे दिसतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं-सांधे आखडतात. गेलेलं परत येत नाही. त्या बोअरवर लाल रंग मारा आणि पिण्यासाठी बंद करा, धुण्याभांड्याला चालेल. तुरटी, चुना आणि टीसीएलनं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नीरीनंच काढली. पण ती रोज मापानं करावी लागते. गावात तेवढा चिवट माणूस असेल तरच.

आमचं गाव कोराडी-खापरखेड्याजवळ आहे. कुहीला पाहुणे आहेत, तेही विचारतात.

तिथे नेहमीची तपासणी पुरत नाही. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीत कोराडी वीजकेंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटून राख नाल्या-शेतांत पसरली. अशा भागात प्रयोगशाळेला आर्सेनिक, शिसं यांसारख्या जड धातूंची तपासणी लेखी मागा. गावातल्या पेटीत ते दिसत नाहीत. कुहीकडचं दुखणं वेगळं. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान, वैनगंगेला मिळत गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जातं. नदीकाठच्या विहिरींत जंतू आणि नायट्रेट दोन्ही बघा, आणि नदीचं पाणी थेट पिऊ नका, कितीही नितळ वाटलं तरी.

जुलाबाचे रोगी एकदम वाढले. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी माणूस, मग पाणी. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. लहान मुलांना सोबत 14 दिवस झिंक. तांदळाच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब, लघवी बंद, डोळे खोल गेले, तर घरी बसू नका, 108 ला फोन करा. त्याच दिवशी आरोग्यसेवकाला कळवा, आणि क्लोरीन टाकायच्या आधी पाण्याचा नमुना घ्या. आम्ही त्या श्रावणात आधी टीसीएल ओतली आणि मग नमुना घेतला. अहवाल अर्थातच उत्तम आला.

पैसे नाहीत, असं ग्रामपंचायत म्हणते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीतला 30 टक्के भाग पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला होता, आणखी 30 टक्के स्वच्छतेसाठी. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. बाकी, टीसीएल आणि ओटीला फार पैसे लागत नाहीत. पाणीपट्टी थकवणाऱ्यांनी हा प्रश्न जरा हळू आवाजात विचारावा.

गावच्या विहिरीशेजारी एकानं बगीच्यासाठी बोअर घेतली. चालतं?

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला कायद्यानं मनाई आहे. यंत्र वावरात येऊन उभं राहण्याआधी तक्रार करा. भोक पडल्यावर सगळेच पाहुणे-रावळे निघतात.

फवारणीचा पंप विहिरीवर धुतला तर उकळून चालेल?

नाही. कीटकनाशक उकळून, टीसीएलनं, तुरटीनं जात नाही, आणि गावातल्या पेटीत दिसतही नाही. विहीर बंद करा, प्रयोगशाळेला कळवा. पंप वावरातच धुवा, विहीर-नाल्यापासून लांब.

हे सगळं रोज बघायचं कोणी? आम्ही मजुरीला जातो.

रोजचं काम जलसुरक्षकाचं, ग्रामपंचायत त्याला मानधन देते. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा टाकीवर खिळ्याला टांगलेली वही बघायची. तारीख, टीसीएल किती ग्रॅम, शेवटच्या नळाला ओटी किती, सही. आम्ही ही वही त्या श्रावणानंतर टांगली. पावसाळ्यातला एक दिवस कोरा सापडला तर मी अजूनही आरडाओरडा करतो. गेल्या पोळ्याची ओळ मात्र कोरीच आहे. जलसुरक्षक सुटीवर होता, त्याच्या जागी मी येतो म्हणालो होतो, आणि मी बैलांची शिंगं रंगवत बसलो.